व्हिडीओ गेमचा अखंड सप्ताह
प्रतिनिधी, ठाणे

खोपटच्या एसटी आगारातील एखाद्या चालकाला कोणी सांगितले, की रिकामी गाडी घ्या, सरळ रस्त्याने आठ तास चालवा, वेग ताशी ७२ किलोमीटरच्या वर जाणार नाही, वाटेत थांबा नाही, प्रवासी नाही, वळणही नाही, आणि पोहोचलात की लगेच त्याच रस्त्याने परत फिरा. तर तो वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीशी जाऊन वाद घालील यात शंका नाही. मात्र कॅनडातील व्हिक्टोरिया शहरात २००७ पासून काही मंडळी दरवर्षी नेमका हाच प्रवास पडद्यावर करतात. जगभरातील लोक तो थेट पाहतात आणि तो थांबू नये म्हणून पैसे देतात. ते पैसे रुग्णालयांतील मुलांसाठी जातात.

या खेळाचे नाव ‘डेझर्ट बस’. पेन आणि टेलर या अमेरिकी जादूगारांच्या जोडीने १९९५ च्या सुमारास एका व्हिडीओ गेम संचात थट्टेखातर हा खेळ घातला होता. टूसॉन ते लास व्हेगास हे अंतर खरोखर लागेल तेवढ्याच वेळात, म्हणजे आठ तासांत कापायचे. गाडी सतत उजवीकडे किंचित ओढ घेते, त्यामुळे हात सोडून बसता येत नाही. गाडी रस्त्याखाली उतरली की इंजिन बंद पडते, आणि मग तिला ओढत टूसॉनला परत नेतात, तेही खऱ्या वेळेत. मुक्कामी पोहोचल्याचे बक्षीस एक गुण. प्रकाशक कंपनीच बंद पडल्याने हा संच बाजारात आलाच नाही. त्याच्या प्रती पुढे दहा वर्षांनी हौशी लोकांच्या हाती लागल्या.

‘लोडिंगरेडीरन’ या विनोदी चित्रफिती करणाऱ्या गटाने २००७ मध्ये हा कंटाळवाणेपणाच भांडवल म्हणून वापरला. देणगीचे गणित त्यांनी चक्रवाढ व्याजाप्रमाणे मांडले. पहिला तास एक डॉलरचा आणि पुढचा प्रत्येक तास आधीच्यापेक्षा सात टक्क्यांनी महाग. सुरुवातीला ही रक्कम क्षुल्लक वाटते. परंतु या हिशेबाने शंभरावा तास आठशे डॉलरांच्या वर जातो आणि दीडशेवा जवळपास चोवीस हजारांवर. पतपेढीचे कर्ज फेडलेल्या कोणाही वाचकाला यातील मेख तत्काळ उमगेल. पहिल्याच वर्षी गट चार दिवसांहून अधिक काळ गाडी हाकत राहिला आणि २२ हजार डॉलरांहून अधिक निधी जमला. २०२० मध्ये एका वर्षाच्या संकलनाने दहा लाख डॉलरांचा टप्पा ओलांडला. निधी ‘चाइल्ड्स प्ले’ या संस्थेला जातो. २००३ मध्ये सुरू झालेली ही संस्था बालरुग्णालयांना खेळणी आणि व्हिडीओ गेम पुरवते.

मराठी वाचकाला ही कल्पना वाटते तितकी परकी नाही. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवली जात नाही. पहारेकरी बदलतो, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, पण नाम खंडत नाही. डेझर्ट बसमध्येही सहा-सहा तासांच्या चार पाळ्या असतात आणि मध्यरात्रीच्या पाळीचे स्वतःचे निष्ठावंत प्रेक्षक असतात. गावोगावी मैदानात सलग कित्येक दिवस सायकल चालवणारे कसरतपटूही ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ठाऊक असेल, की मध्यरात्री गर्दी पांगल्यावरही कोणीतरी तेथे उभा असे. तो सायकलस्वार पडतो का, हे पाहायला नव्हे. तो पडू नये म्हणून. आपल्याकडे २००४ पासून होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्येही शेकडो धावपटू स्वयंसेवी संस्थांसाठी निधी गोळा करतात. फरक इतकाच, की तेथे दमतात ते पाय, आणि येथे डोळे व मनगटे.

या प्रकारातील एक मोठा आणि शिस्तबद्ध उपक्रम म्हणजे अमेरिकेतील ‘गेम्स डन क्विक’ होय. जानेवारी २०१० मध्ये एका संगीत व खेळ महोत्सवात तो व्हायचा होता. तेथील इंटरनेटने दगा दिल्यामुळे खेळाडूंनी बिऱ्हाड उचलून संयोजकाच्या आईच्या घराचे तळघर गाठले. तेथून झालेल्या प्रक्षेपणातून ‘केअर’ या संस्थेसाठी दहा हजार डॉलरांहून अधिक रक्कम उभी राहिली. येथे खेळ ‘स्पीडरन’ पद्धतीने, म्हणजे कमीत कमी वेळात संपवला जातो. खेळाच्या आज्ञावलीतील चुका, भिंतीतील फटी, उडीचे विशिष्ट कोन यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केलेला खेळाडू खेळत असतो आणि शेजारी बसलेले सहकारी ते सारे क्रिकेटच्या समालोचनासारखे उलगडून सांगत असतात. हिवाळी सत्राचा निधी कर्करोग प्रतिबंधाच्या कामाला आणि उन्हाळी सत्राचा प्रामुख्याने ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला जात आला आहे. आजवरचे एकूण संकलन पाच कोटी डॉलरांच्या पलीकडे गेले आहे.

देणगीदाराला येथे नुसता प्रेक्षक ठेवलेले नाही, ही यातील खरी गंमत. ‘सुपर मेट्रॉइड’ या जुन्या खेळाच्या अखेरीस ग्रहाचा स्फोट होण्यापूर्वी काही प्राण्यांची सुटका करता येते, पण त्यात बहुमोल सेकंद वाया जातात. प्राणी वाचवायचे की वेळ, याचा निर्णय देणगीदार पैशांनी मत देऊन करतात. दोन्ही बाजूंनी अक्षरशः लाखो डॉलर ओतले गेले आहेत. प्राणी हरले तरी रुग्ण जिंकतात, असा हा सामना आहे. फ्रान्समधील ‘झेड इव्हेंट’मध्ये २०२१ साली काही दिवसांत एक कोटी युरोंहून अधिक रक्कम भूकनिवारणाच्या कामासाठी जमली होती.

भारतात या प्रकाराने मूळ धरले ते बुद्धिबळाच्या पटावर, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. टाळेबंदीच्या पहिल्याच टप्प्यात, ११ एप्रिल २०२० रोजी, विश्वनाथन आनंद यांच्यासह सहा आघाडीच्या खेळाडूंनी पैसे भरून नोंदणी करणाऱ्या हौशी खेळाडूंशी ऑनलाइन डाव मांडले. त्यांत नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी होता, पी. हरिकृष्ण, बी. अधिबन, कोनेरू हंपी आणि डी. हारिका हे अन्य खेळाडू. साडेचार लाख रुपये जमले आणि ते पीएम केअर्स निधीकडे गेले. पाश्चात्त्य आकड्यांपुढे ही रक्कम लहान दिसते, हे खरे. परंतु घराबाहेर पाऊल टाकण्याची बंदी असलेल्या त्या दिवसांत नाशिकच्या आणि चेन्नईच्या खेळाडूंशी घरबसल्या पट मांडता येतो आणि त्यातून मदत उभी राहते, हे सामान्य प्रेक्षकाने तेव्हा प्रथमच पाहिले. पुढे मे २०२१ मध्ये आनंद व अन्य ग्रँडमास्टरांनी दुसऱ्या लाटेतील मदतीसाठी पुन्हा डाव मांडले.

जून २०२१ मधील तिसऱ्या प्रयोगाला मात्र गालबोट लागले. आमिर खानसह अनेक नामवंत आनंद यांच्याशी खेळले. निधी ‘अक्षय पात्र’ या अन्नदान करणाऱ्या संस्थेसाठी होता. त्यात एका तरुण उद्योजकाने चक्क आनंद यांना हरवले आणि दुसऱ्याच दिवशी संगणकाची व इतरांची मदत घेतल्याचे मान्य करून माफी मागितली. ‘चांगल्या कामासाठीच तर होते’ हा बचाव प्रेक्षकांनी मानला नाही, आणि ते योग्यच झाले. लोक पैसे देतात ते खेळ खरा आहे या विश्वासावर. तो विश्वास गेला, तर पुढच्या वेळी झोळी रिकामी राहील.

बुद्धिबळाबाहेर पाहिले, तर फरिदाबादचा ‘कॅरीमिनाटी’ हा यूट्यूबवरील लोकप्रिय कलाकार आपल्या खेळाच्या वाहिनीवरून आपत्तीच्या वेळी असे प्रक्षेपण करत आला आहे. २०२० मध्ये आसाम व बिहारमधील पूरग्रस्तांसाठी त्याने दहा लाखांहून अधिक रुपये जमवले.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील तरुणांच्या मनात असा उपक्रम असेल, तर कळीचा प्रश्न खेळाचा नसून पैसा कोणत्या वाटेने जातो हा आहे. यूट्यूबवरील ‘सुपर चॅट’ने आलेल्या रकमेतील सुमारे तीस टक्के कंपनी ठेवून घेते, शंभर रुपये देणाऱ्याला हे बहुधा माहीत नसते. पडद्यावर खेळाडूचा स्वतःचा यूपीआय संकेत लावला, तर ती रक्कम त्याच्या वैयक्तिक खात्यात येते. मग हिशेब त्याच्या प्रामाणिकपणावर सोडावा लागतो आणि देणगीदाराला प्राप्तिकर सवलतीची पावतीही मिळत नाही. ‘गेम्स डन क्विक’ने हा गुंता आरंभीच टाळला. तेथे देणगी थेट संस्थेकडे जाते, संयोजकांच्या खिशाला स्पर्शही होत नाही. आपल्याकडेही नोंदणीकृत संस्थेचाच संकेत पडद्यावर लावणे हा सर्वांत स्वच्छ मार्ग. प्रस्तुत प्रतिनिधीने काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रक्षेपणात दोनशे रुपये दिले होते. नाव चुकीचे का होईना, मोठ्याने वाचले गेले. पैसे कोठे गेले हे मात्र आजतागायत कळलेले नाही.

कायद्याचीही बाजू आहे. गणेशोत्सव मंडळे वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी घेतात, ती महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या ४१ क या कलमाखाली. पडद्यावर झोळी फिरवणाऱ्यांनीही आधी तेथे चौकशी करावी, हे शहाणपणाचे. परदेशस्थ नातलगांकडून मदत येणार असेल, तर आणखी सावध राहावे लागते. विदेशी नागरिकत्व घेतलेल्या काका-मावशीची देणगी २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याच्या कक्षेत येते आणि त्या कायद्याखाली नोंदणी वा परवानगी नसलेल्या संस्थेला ती स्वीकारता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून जिंकण्याचे खेळ बंद केले. देणगीदार परताव्याच्या आशेने पैसे लावत नसल्याने दानासाठीचा खेळ त्याहून वेगळा ठरतो. पण देणगीदारांतून सोडत काढून मोबाइल वाटण्याची हौस संयोजकांना आलीच, तर आधी वकिलाला विचारलेले बरे.

आणि शेवटी शरीर. एकट्याने चोवीस तास जागण्याचा हट्ट कौतुकाचा नाही. मोठे उपक्रम पाळ्यांवर चालतात, ते उगाच नव्हे. ‘डेझर्ट बस’ साधारणपणे नोव्हेंबरमध्ये निघते. व्हिक्टोरियातील मध्यरात्र म्हणजे आपल्याकडची दुपार. खोपटच्या आगारात दुपारच्या पाळीचा चालक गाडीवर चढत असतो, त्या सुमारास तिकडे रात्रपाळीचा खेळाडू आसनावर बसतो आणि गाडी पुन्हा किंचित उजवीकडे ओढू लागते.