परत आलेला प्रबंध

पीएच.डी.ला लागलात की एक दिवस येतोच. महिना-दोन महिने खपून लिहिलेलं प्रकरण तुम्ही गाईडकडे देता आणि ते परत येतं. समासात पेन्सिलीच्या खुणा आणि शेवटी तीन शब्द : 'पुन्हा लिहून आणा'.

माझा हा दिवस दुसऱ्या वर्षी आला. त्या रात्री मला दोनच रस्ते दिसत होते. एक, मुकाट्याने सगळं बदलायचं. दोन, सरांशी वाद घालायचा. तिसरा रस्ता असतो हे मला पुढे शंभर वर्षांपूर्वीच्या एका प्रबंधामुळे कळलं. नेट-सेटचा किंवा पेटचा अभ्यास करताना तुम्ही या प्रबंधाचं नाव पाठ केलं असेल. पण तो एकदा परत आला होता, याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही.

गोष्ट 1923 ची

1920 साली बाबासाहेब आंबेडकर दुसऱ्यांदा लंडनला गेले. आधीची शिष्यवृत्ती संपल्यामुळे 1917 मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं होतं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून, पैसे साठवून, उसनवारी करून ते परत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. 1921 मध्ये एम.एस्सी. झाली आणि ऑक्टोबर 1922 मध्ये त्यांनी डी.एस्सी.साठी प्रबंध सादर केला : 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. मार्गदर्शक होते प्रा. एडविन कॅनन.

मार्च 1923 मध्ये निकाल आला तो फेरलेखनाचा. प्रबंध आहे तसा स्वीकारला गेला नाही. हातातले पैसे संपत आलेले. बाबासाहेब एप्रिलमध्ये मुंबईला परतले, इथे बसून प्रबंध पुन्हा लिहिला आणि ऑगस्टमध्ये लंडनला पाठवला. नोव्हेंबर 1923 मध्ये पदवी मिळाली आणि डिसेंबरमध्ये लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशनाने तो ग्रंथरूपात छापला. फेरलेखनात त्यांनी निष्कर्ष कायम ठेवले, असं चरित्रकार सांगतात. छापील ग्रंथ उघडून बघा, सरकारी चलन धोरणावरची टीका कुठेही मऊ पडलेली नाही.

म्हणजे बदललंही आणि बदललं नाहीही. हे कसं जमतं? त्यासाठी आधी 'पटवून देणं' म्हणजे काय ते बघू आणि मग थोडं मागे, त्यांच्या विद्यार्थिदशेत जाऊ.

पटवण्याच्या तीन वाटा

ॲरिस्टॉटलने भाषणकलेवरच्या ग्रंथात पटवण्याच्या तीन वाटा सांगितल्या. इथॉस म्हणजे बोलणाऱ्याची विश्वासार्हता : हा माणूस कोण, याचं मी का ऐकावं? पॅथॉस म्हणजे ऐकणाऱ्याच्या भावनेला घातलेला हात. लोगॉस म्हणजे तर्क आणि पुरावा.

रिसर्च मेथडॉलॉजीच्या वर्गात हे तिन्ही शब्द शिकवतात, आपण वहीत लिहून घेतो आणि एक चुकीची समजूत करून घेतो : शोधनिबंधात फक्त लोगॉस, बाकीचे दोन भाषणबाजीसाठी. माझीही तीच समजूत होती. पण चांगल्या लेखनात तिन्ही असतात. कुणाला किती जागा द्यायची हे वाचक बघून ठरतं. बाबासाहेबांचे वीस वर्षांतले चार मजकूर शेजारी ठेवले की हे स्वच्छ दिसतं.

पहिला वाचक : सेमिनारची खोली

9 मे 1916. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांचं सेमिनार. पंचवीस वर्षांचा विद्यार्थी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचतोय. श्रोत्यांपैकी बहुतेकांनी जात कधी अनुभवलेली नाही.

सुरुवात कशी केली बघा. जातीची व्याख्या नाही, स्वतःचं दुःख नाही. आधी वस्तूंच्या प्रदर्शनांचा विषय काढला, पॉम्पेईचे अवशेष दाखवणाऱ्या गाईडांचा उल्लेख केला आणि म्हटलं, वस्तूंचं प्रदर्शन असतं तसं मानवी संस्थांचंही मांडता येईल. कल्पना विचित्र वाटेल, पण मानववंशशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती परकी वाटू नये. समोरच्याच्या ओळखीच्या जागेवरून निघायचं आणि त्याला आपल्या विषयापर्यंत चालवत आणायचं. तुमच्या प्रस्तावनेचं कामही एवढंच असतं.

पुढे सेनार, नेसफिल्ड, रिस्ली आणि आपले ज्ञानकोशकार केतकर या चौघांच्या व्याख्या एकेक करून तपासल्या. कुणाचं काय बरोबर, कुठे अपुरं, हे दाखवलं आणि मग आपला मुद्दा मांडला : जातीचं मूळ लक्षण म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. आपण 'पूर्वसंशोधनाचा आढावा' म्हणून पानंच्या पानं भरतो तो हाच. फरक एवढाच की आपल्या आढाव्यात अमुक यांनी असं म्हटलं, तमुक यांनी तसं म्हटलं, अशी नुसती हजेरी असते. इथे प्रत्येक नाव पुढच्या पायरीसाठी आलंय.

आणि शेवट? माझा सिद्धांत टिकत नाही असं दिसलं तर तो सोडायला मी तयार आहे, असं त्यांनी सांगून ठेवलं. हा इथॉस आहे. मोठमोठी विशेषणं न लावता, पुराव्यापुढे मान झुकवायची तयारी दाखवून मिळवलेला विश्वास.

दुसरा वाचक : 'मूकनायक' हातात घेणारा

आता 31 जानेवारी 1920, मुंबई. 'मूकनायक'चा पहिला अंक. लिहिणारा तोच, विषयही जातच. वाचक मात्र बदललाय. त्याला जात म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही, तो ती रोज भोगतोय. इथे चार विद्वानांच्या व्याख्या तपासत बसले असते तर अंक कुणी वाचला असता?

म्हणून पहिल्याच अग्रलेखात एक चित्र येतं : हिंदू समाज हा एक मनोरा आहे, एकेक जात म्हणजे एकेक मजला, पण एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला शिडीच नाही. ज्या मजल्यावर जन्म, तिथेच मरण. हे चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं, आत लागतं. म्हणजे पॅथॉस. पण नीट बघा, त्याच्या आत 1916 चा तर्क जसाच्या तसा आहे. शिडी नसणं म्हणजेच बंदिस्त जात. पुरावा कायम ठेवून त्याला दुसरे कपडे घातलेत.

तिसरा वाचक : लंडनचे परीक्षक

आता परत आलेल्या त्या प्रबंधाकडे येऊ. प्रश्न थोडक्यात असा. हिंदुस्थानचा रुपया चांदीचा, इंग्लंडचं चलन सोन्यावर. 1870 नंतर चांदीचा भाव घसरत गेला. सुमारे दोन शिलिंगांचा रुपया 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. सरकार कर गोळा करणार रुपयात आणि इंग्लंडमधले खर्च भागवणार सोन्यात, त्यामुळे तिजोरीवर ताण. 1893 मध्ये चांदी आणून नाणी पाडून घ्यायची लोकांची मुभा बंद झाली. पुढे रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्स ठरला आणि 'सुवर्ण विनिमय परिमाण' नावाची व्यवस्था रुळली. या व्यवस्थेचा मोठा समर्थक कोण? जॉन मेनार्ड केन्स. 1913 मध्ये त्यांचं हिंदी चलनावरचं पुस्तक आलेलं.

आणि एक हिंदी विद्यार्थी लंडनमध्ये बसून म्हणतोय की ही व्यवस्था सदोष आहे. रुपये किती पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर राहतं, आणि परदेशी चलनाशी दर स्थिर ठेवला म्हणजे देशातल्या किमती स्थिर राहतात असं नाही. रुपया स्वस्त झाला की निर्यातदाराचा फायदा होतो खरा, पण तो मजुरी करणाऱ्याच्या खिशातून येतो, कारण महागाई वाढते तशी मजुरी वाढत नाही.

वाचक अवघड आहे, ओळखलंत ना? तो तज्ज्ञ आहे आणि बहुधा विरुद्ध मताचा आहे. इथे शिडी नसलेला मनोरा चालणार नाही. म्हणून छापील ग्रंथाची बांधणी बघा. सात प्रकरणं, क्रम इतिहासाचा : दोन धातूंच्या चलनापासून चांदीच्या परिमाणापर्यंत, मग चांदीची घसरण, तिचे दुष्परिणाम, सोन्याकडे जाण्याचे प्रयत्न, विनिमय परिमाण, त्याच्या स्थैर्याची तपासणी, आणि शेवटी उपाय. स्वतःचं मत सांगायची घाई नाही. वाचक त्या मतापर्यंत पोचतो तेव्हा वाटेतली कागदपत्रं त्याने पाहिलेली असतात.

आणखी एक युक्ती. या व्यवस्थेतला रुपया कशासारखा, हे सांगताना त्यांनी 1797 नंतरच्या काळातला इंग्लंड निवडला, जेव्हा बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांवर सोनं देणं थांबवलं होतं. इंग्रज अर्थशास्त्रज्ञाला स्वतःच्या देशाचा हा अनुभव तोंडपाठ. पुन्हा पॉम्पेईचीच रीत : ओळखीच्या जागेवरून निघायचं.

मजूर इथेही आहे. त्याच्यासाठी अश्रू ढाळलेले नाहीत, पण किमती आणि मजुरीच्या हिशेबात त्याला जागा दिलीय. तज्ज्ञ वाचकासमोर सहानुभूती अशीही मांडता येते.

परिणाम काय झाला? प्रा. कॅनन यांनी ग्रंथाला प्रस्तावना लिहिली आणि तीत मोकळेपणाने सांगितलं की आंबेडकरांचे बहुतेक युक्तिवाद आपल्याला मान्य नाहीत, पण त्यांच्या विचारात ताजेपणा आहे, आणि व्यवहारात सुचवलेला निष्कर्ष बहुधा बरोबर आहे. न पटलेल्या वाचकाकडून एवढं कबूल करून घेणं, यापेक्षा मोठं यश शोधप्रबंधाला कुठलं? डिसेंबर 1925 मध्ये हिल्टन यंग यांच्या चलनविषयक रॉयल कमिशनपुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली. तोवर या विषयातला अधिकार त्यांनी लिहून कमावला होता.

चौथा वाचक : ज्याला मुद्दाच नको होता

आता उलट बाजू, नाहीतर 'गाईड म्हणतील ते करा' एवढाच धडा घ्याल. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना 1936 च्या वार्षिक परिषदेचं अध्यक्षपद दिलं. त्यांनी भाषण लिहून छापायला घेतलं : 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'. मंडळाने मजकूर वाचला आणि वेदांविषयीचा व काही इतर भाग गाळावा असं सुचवलं. बाबासाहेबांनी कळवलं, स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद रद्द झाली. त्यांनी स्वखर्चाने 1500 प्रती काढल्या आणि त्या दोन महिन्यांत संपल्या.

1923 चा माणूस आणि 1936 चा माणूस वेगळा नाही. मागणी वेगळी होती. प्रबंधाच्या वेळी निष्कर्ष शाबूत ठेवून पुन्हा लिहिता येत होतं. मंडळाला जो भाग नको होता, तोच भाषणाचा कणा होता : शास्त्रांचं पावित्र्य अबाधित ठेवून जात मोडता येणार नाही. तो भाग काढला असता तर भाषणात उरलं काय असतं?

आता तुमचं टेबल

परत आलेलं प्रकरण समोर घ्या आणि प्रत्येक शेऱ्यापुढे एक अक्षर लिहा. मांडणीबद्दल असेल तर 'मां', पुराव्याबद्दल असेल तर 'पु', निष्कर्षाबद्दल असेल तर 'नि'. मी केलं तेव्हा एकतीस शेऱ्यांपैकी 'नि' फक्त दोन निघाले. बाकी सगळे 'हे कुठून आलं?', 'हे आधी हवं', 'हा शब्द का?' या जातीचे. मी निष्कर्षाच्या अब्रूसाठी रात्रभर जागले होते, आणि भांडण होतं परिच्छेदांच्या क्रमाचं.

'मां' आणि 'पु' निमूटपणे दुरुस्त करा, त्यात कमीपणा नाही. 'नि'साठी मात्र गाईडसमोर बसा, पुरावा पुढे ठेवा. पुरावा टिकला नाही तर 1916 च्या सेमिनारमधला तो शेवट आठवा आणि मुद्दा सोडा. पुरावा टिकला तर मुद्दा धरून ठेवा. माझ्या दोन 'नि'पैकी एक मला सोडावा लागला. दुसरा अजून प्रबंधात आहे.

जाता जाता एक. मंडळासाठी स्वल्पविराम न बदलणाऱ्या बाबासाहेबांनी पुढच्या आवृत्तीत भर घातलीच. 1937 च्या आवृत्तीत गांधीजींची टीका आणि तिला दिलेलं उत्तर आलं. 1944 ची तिसरी आवृत्ती मात्र दुसरीचंच पुनर्मुद्रण राहिली. भाषण आणि 1916 चा तो सेमिनारचा निबंध एकत्र करून नव्याने लिहायचं मनात होतं, पण वेळ मिळाला नाही, असं त्यांनी प्रस्तावनेत नोंदवलंय. अठ्ठावीस वर्षांनंतरही त्यांना विद्यार्थिदशेतला निबंध पुन्हा लिहायचा होता. तुमचं प्रकरण तर फक्त पहिल्यांदा परत आलंय. बसा लिहायला.