चष्मेवाला आणि वायरवाला

परवा बसमध्ये शेजारच्या मुलाच्या दोन्ही कानांत पांढरी बोंडं दिसली आणि एकदम आजोबांची आठवण झाली. त्यांच्या बंडीच्या खिशात श्रवणयंत्र असायचं, तिथून वायर कानापर्यंत. कापड घासलं की कानात नुसती खरखर. पाहुणे आले की ते आधी वायर काढून ठेवत आणि तासभर काहीही न ऐकता हसत मान डोलवत. चष्मा मात्र नाकावर कायम! मी एकदा चिडून विचारलं, तर म्हणाले, "चष्मेवाला हुशार दिसतो रे, वायरवाला म्हातारा."

ही लाज जुनीच. पोर्तुगालच्या सहाव्या जॉन राजासाठी (म्हणजे तेव्हाच्या गोव्याचाही राजा हाच) लंडनच्या एफ. सी. राइन यांनी १८१९च्या सुमारास एक सिंहासन घडवलं. हातांवर सिंहांची उघडी तोंडं, आतून पोकळ. दरबाऱ्याने गुडघे टेकून सिंहाच्या तोंडात बोलायचं, आवाज नळीतून राजाच्या कानापाशी जायचा. ऐकू येत नाही राजाला, वाकायचं दुसऱ्यांनी! ज्यांना सिंहासन परवडत नव्हतं त्यांच्यासाठी पंख्यात, टोपीत दडवलेले कर्णे निघाले. हॅरिएट मार्टिनो ही इंग्रज लेखिका मात्र आपला कर्णा चारचौघांत उघडपणे वापरायची. १८३४ साली तिने बहिऱ्यांना उद्देशून एक पत्रच छापलं.

असो. पुढे निर्वात नळ्यांची, जड बॅटऱ्यांची यंत्रं आली. १९४७च्या डिसेंबरात बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टर जन्मला. आपल्याला ट्रान्झिस्टर म्हटलं की रेडिओच आठवतो, पण तो १९५४चा. त्याआधीच, १९५२च्या अखेरीस, सोनोटोन कंपनीच्या श्रवणयंत्रात ट्रान्झिस्टर बसला होता! ग्रॅहॅम बेल यांची आई आणि पत्नी दोघींनाही ऐकू येत नसे, ते स्वतः बहिऱ्या मुलांचे शिक्षक. त्यांच्या स्मरणार्थ बेल लॅब्जने श्रवणयंत्रांसाठी ट्रान्झिस्टरचं स्वामित्वशुल्क माफ केलं.

यंत्र लहान झाल्यावर लोकांनी पहिल्यांदा काय केलं? १९५०च्या दशकाच्या मध्यात ते चष्म्याच्या काडीत लपवलं. आजोबांना हे कळलं असतं तर!

२०२४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एअरपॉड्स प्रोमधल्या श्रवणयंत्राच्या सोयीला मान्यता दिली. तेव्हा बसमधला तो मुलगा गाणी ऐकत होता की कंडक्टरचं बोलणं, मला सांगता येणार नाही.

आजोबांचं यंत्र अजून कपाटात आहे. सेल घातला की शिट्टी वाजवतं.