बंद दाराआडचा न्याय आणि विद्यापीठें

दोघांचा तंटा त्यांनीं मान्य केलेल्या पंचांनीं मिटवावा, ही रीत फार जुनी आहे. मराठेशाहींत गोतसभेपुढें उभे राहणारे वादी-प्रतिवादी सभेचा निर्णय मान्य करूं, असा ‘राजीनामा’ आधींच लिहून देत. त्या शब्दाला आज भलताच अर्थ आला आहे, तो भाग निराळा. परंतु देशोदेशींच्या व्यापाऱ्यांमधील लवाद हा विद्यापीठांत शिकविण्याचा विषय व्हावा, ही कल्पना मात्र अलीकडची होय.

ह्या विलंबाचें कारण लवादाच्या स्वभावांतच होतें. कायद्याचा विद्यार्थी शिकतो तो मुख्यतः छापलेल्या निकालांवरून. न्यायालयाचें दार उघडें असतें, तेथील निकाल ग्रंथरूपानें प्रसिद्ध होतात आणि अध्यापक त्यांवर व्याख्यानें देतात. लवादाची तऱ्हा नेमकी उलट. बंद खोलींत पंच बसावयाचे, दोन पेढ्यांचे वकील बोलावयाचे, आणि निवाड्याचा कागद उभयतांच्या तिजोरींत जावयाचा. पॅरिस येथें इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सनें १९२३ सालीं आपलें लवाद-न्यायालय स्थापन केलें. पण ज्याचे कागदच दृष्टीस पडत नाहींत, त्याचें अध्यापन करावें तरी कसें?

ह्या बंद खोलीला एक फट होती. हरलेला पक्ष पैसे देईना, म्हणजे जिंकणाऱ्याला उघड न्यायालयाची पायरी चढावी लागे. १९२७ च्या जिनिव्हा करारानें परदेशी निवाड्याच्या वसुलीची सोय केली होती, पण ती मोठी अवघड होती. निवाडा जेथें झाला तेथें तो अंतिम ठरल्याचें आधीं दाखवावयाचें. त्यासाठीं बहुधा तेथील न्यायालयाची अनुज्ञा लागे, आणि वसुलीच्या देशांत पुन्हां दुसरी. हा गुंता सोडविण्यासाठीं मे १९५८ मध्यें न्यूयॉर्क येथें संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. तेथें हॉलंडचे प्रतिनिधि पीटर सँडर्स यांनीं सुटीच्या दिवशीं सासऱ्यांच्या घरच्या बागेंत लहानसा टाइपरायटर पुढें घेऊन नवा मसुदा तयार केला. दुहेरी अनुज्ञा त्यांत गेली, आणि निवाड्यांत दोष असल्याचें सिद्ध करण्याचा भार मुख्यतः हरणाऱ्यावर पडला. १० जून रोजीं झालेल्या करारांत हीं तत्त्वें टिकलीं. भारतानें त्याच दिवशीं सही केली. आज १७० हून अधिक राष्ट्रें त्या करारांत आहेत.

सँडर्स पुढें रॉटरडॅमला प्राध्यापक झाले. मसुद्याचें श्रेय त्यांना सर्वच देतात. पण विद्यार्थ्यांवर त्यांचे खरे उपकार १९७६ सालचे. त्या वर्षीं त्यांच्या संपादकत्वाखालीं लवादाचें एक वार्षिक निघूं लागलें. ह्या करारावर निरनिराळ्या देशांच्या न्यायालयांनीं दिलेले निकाल, आणि पक्षांचीं नांवें गाळलेले निवाडे, त्यांत छापले जाऊं लागले. तिजोरींतला कागद वाचनालयाच्या टेबलावर आला. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजांत १९८५ सालीं ह्या विषयाची स्वतंत्र शाळा उघडली. १९९४ सालीं व्हिएन्ना येथें अमेरिकन प्राध्यापक एरिक बर्गस्टेन यांच्या पुढाकारानें काल्पनिक लवादाची विद्यार्थी-स्पर्धा सुरू झाली, तेव्हां अवघे ११ संघ होते. आतां तीनशेंहून अधिक संघ येतात. प्रत्येक संघानें दाव्याची बाजू लिहावयाची आणि कांहीं आठवड्यांनीं त्याच प्रकरणांत प्रतिवादीचीही! वकिलीला ही तालीम उत्तमच. मनाला कितपत मानवते, हा प्रश्न प्रत्येकानें आपापला सोडवावा.

दोन व्यापाऱ्यांतली गुप्तता कोणी मनावर घेत नाहीं. पण एका बाजूला सरकार उभें असलें म्हणजे काय? रत्नागिरी जिल्ह्यांतील दाभोळ वीज प्रकल्पाचें उदाहरण ह्या विषयाच्या वर्गांत घेण्याजोगें आहे. वीज मंडळाशीं करार झाला १९९३ सालीं. १९९५ सालीं राज्य सरकारनें तो मोडतांच कंपनीनें लंडनला लवाद मागितला. पुढें तडजोड झाली, १९९९ सालीं वीज सुरू झाली, आणि दराच्या भांडणांत २००१ सालीं बंदही पडली. अमेरिका व भारत यांच्यांत गुंतवणूक-संरक्षणाचा करार नव्हता. तेव्हां अमेरिकन भागीदारांनीं आपल्या मॉरिशसमधील कंपन्यांच्या नांवानें, भारत-मॉरिशस कराराखालीं दावे लावले. हे दावे २००५ सालीं आपसांत मिटले. ज्यांच्या वीजबिलाशीं ह्या सर्वांचा संबंध होता, त्यांतील एकालाही त्या सुनावणीच्या खोलींत बसण्याचा हक्क नव्हता.

१ एप्रिल २०१४ पासून संयुक्त राष्ट्रांचे नवे नियम अमलांत आले. सरकारविरुद्धच्या अशा लवादांतील कागद प्रसिद्ध करावेत, सुनावणी खुली ठेवावी, असें त्यांत आहे. जुन्या करारांनाही ते लागू व्हावेत म्हणून वेगळा करार झाला आणि मार्च २०१५ मध्यें तो सह्यांसाठीं मांडला गेला, तो मॉरिशसच्या राजधानींत, पोर्ट लुई येथें. दाभोळचे दावे मिटून तेव्हां दहा वर्षें होत आलीं होतीं.