मैदानानंतरची दुसरी खेळी : आहार आणि तंदुरुस्ती

बहुतेक खेळांत खेळाडूचे स्पर्धात्मक आयुष्य पस्तिशीच्या आत संपते. खेळाडूंसाठी राखीव नोकऱ्या मोजक्याच असल्याने राज्य पातळी गाठलेल्या अनेकांपुढे ‘पुढे काय?’ हा प्रश्न उभा राहतो. आहार व तंदुरुस्तीचे क्षेत्र हे त्याचे एक उत्तर आहे. मात्र मैदानावरचा अनुभव हे येथील भांडवल आहे, पात्रता नव्हे.

अनुभवाचे मोल

पहाटेचा सराव, दुखापत, वजनगट गाठण्याची ओढाताण हे सारे खेळाडूने स्वतः सोसलेले असते. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगट ५० किलो गटाच्या अंतिम लढतीपूर्वी १०० ग्रॅम अधिक भरल्याने अपात्र ठरली. त्या रात्रीचा ताण माजी कुस्तीपटूला समजावून सांगावा लागत नाही.

अमेरिकेतील डॉ. केनेथ कूपर विद्यार्थिदशेत धावपटू होते. वैद्यकीय शिक्षण घेऊन हवाई दलात डॉक्टर झाल्यावर त्यांनी १२ मिनिटांच्या धावण्याची चाचणी विकसित केली. १९६८मध्ये त्यांचे ‘एरोबिक्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. धावण्याच्या आवडीला त्यांनी मोजमापाची जोड दिली, हे महत्त्वाचे.

अनुभवाची मर्यादा

स्वतःला मानवलेला आहार सर्वांना देणे, ही माजी खेळाडूंकडून होणारी नेहमीची चूक. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. ६० किलो वजनाच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. खेळाडूंसाठी हेच प्रमाण किलोमागे १.२ ते २ ग्रॅम, म्हणजे ७२ ते १२० ग्रॅम मानले जाते. खेळाडूचा हा खुराक मूत्रपिंडाच्या रुग्णाला दिल्यास अपाय होऊ शकतो.

शिक्षणाच्या वाटा

आहारतज्ज्ञ होण्यासाठी पोषण व आहारशास्त्राची पदवी आणि पुढे पदव्युत्तर शिक्षण घ्यावे लागते. बहुतेक ठिकाणी बारावीला विज्ञान शाखा अपेक्षित असते. मुंबईचे एसएनडीटी महिला विद्यापीठ व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था ही या विषयातील जुनी नावे. पदव्युत्तर शिक्षण आणि रुग्णालयातील इंटर्नशिपनंतर इंडियन डाएटेटिक असोसिएशनची नोंदणीकृत आहारतज्ज्ञ परीक्षा देता येते. २०२१च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याच्या सूचीत क्रीडा पोषणतज्ज्ञाचाही उल्लेख आहे.

फिटनेस ट्रेनरसाठी वाट तुलनेने सोपी आहे. ‘एसीएसएम’, ‘एसीई’ या अमेरिकी संस्थांच्या परीक्षा १८ वर्षे पूर्ण केलेल्यांना देता येतात. प्रथमोपचारातील सीपीआरचे प्रमाणपत्र मात्र लागते. प्रशिक्षक व्हायचे असल्यास पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत पदविका अभ्यासक्रम आहे.

जबाबदारी

उत्तेजक चाचणीत दोष आढळल्यास शरीरात सापडलेल्या द्रव्याची जबाबदारी खेळाडूवरच येते. प्रशिक्षकाने दिलेली पावडर, ही सबब सहसा चालत नाही. भेसळयुक्त पूरक आहाराची एक चुकीची शिफारस एखाद्याची कारकीर्द संपवू शकते.

म्हणूनच ही तयारी निवृत्तीनंतर नव्हे, खेळत असतानाच सुरू व्हायला हवी. सरावासाठी दहावीनंतर विज्ञान शाखा सोडणाऱ्या खेळाडूने आणि त्याच्या पालकांनी त्याच वेळी हा विचार केलेला बरा.