तराजूत बसलेला वैद्य

मनगटावर घड्याळ बांधायचे ते वेळ पाहण्यासाठी, अशी आमची लहानपणीची समजूत होती. आता तेच घड्याळ आपण किती पावले चाललो, काळजाचे ठोके मिनिटाला किती पडले, रात्री झोप किती तास लागली, हे सांगते; आणि महिना सरला की वाण्याने उधारीची वही पुढे करावी तसा साऱ्याचा ताळेबंद मांडून दाखवते. आमच्या शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत पूर्वी महागाईभत्त्याची चर्चा चाले. हल्ली कोणाची किती पावले झाली, याची चालते. पुष्कळांना हे खूळ अगदी नवे वाटते. पण खूळ म्हणा की शास्त्र म्हणा, त्याला चारशे वर्षे होऊन गेली आहेत. आणि त्याचा मूळपुरुष चक्क तराजूत बसून जेवत असे!

या गृहस्थाचे नाव सांतोरिओ आणि आडनावही सांतोरिओच. जन्म १५६१ चा, कापोदिस्त्रिया गावचा. हे गाव तेव्हा व्हेनिसच्या राज्यात होते. आज ते स्लोव्हेनियात आहे आणि त्याला कोपर म्हणतात. १६११ ते १६२४ या काळात पादुआच्या विद्यापीठात तो वैद्यकाचा प्राध्यापक होता. त्याने एक भलामोठा काटा टांगून त्याला खुर्ची अडकवली. त्या खुर्चीत बसून तो जेवी. खाल्लेले अन्न, प्यालेले पाणी आणि शरीराने टाकलेले सारे तो तोलून पाही. असे त्याने तीस वर्षे केले म्हणतात. १६१४ मध्ये त्याने आपले निष्कर्ष छोट्या छोट्या सूत्रांच्या रूपाने छापले. त्यांतले एक सूत्र असे, की दिवसाला आठ पौंड अन्नपाणी पोटात गेले, तर त्यातले सुमारे पाच पौंड डोळ्यांना न दिसताच शरीरातून निघून जाते. त्वचेतून आणि श्वासातून होणारी ही गळती कोणाला दिसत नव्हती. ती तराजूने दाखवली. महिन्याचा हिशेबही त्याने सोडला नव्हता. बेताने जेवणाऱ्या निरोगी माणसाचे वजनदेखील महिन्यात पौंड-दोन पौंड वाढते आणि महिनाअखेर पूर्ववत होते, असे त्याने लिहून ठेवले आहे.

या खुर्चीचा आणखी एक उपयोग होता. ठरलेल्या वजनाइतके अन्न पोटात गेले की ती खाली जाई आणि जेवणाऱ्याला कळे, की आता पुरे. दिवाळीच्या फराळापुढे अशी खुर्ची मांडली, तर शेवटच्या करंजीपर्यंत ताटाशी टिकून राहणारे आपल्यात किती निघतील?

सांतोरिओने नाडीही मोजली. सेकंदाचा काटा तेव्हा कुठला असायला! त्याने एका दोरीला वजन बांधून लंबक केला. दोरी कमीजास्त करीत जायचे आणि लंबकाचा झोका नाडीच्या ठोक्याशी जुळला की दोरीची लांबी पाहायची. नाडी जलद तर दोरी आखूड, नाडी मंद तर दोरी लांब. काल काय होते आणि आज काय आहे, हे यामुळे ताडून पाहता येऊ लागले.

आपल्याकडे नाडीचे ज्ञान नव्हते असे नाही. शार्ङ्गधराच्या संहितेत नाडीपरीक्षा आली आहे. वाताची नाडी जळू आणि सापासारखी चालते, पित्ताची कावळ्या-बेडकासारखी आणि कफाची हंस-कबुतरासारखी, असे तिथे म्हटले आहे. मोठे सुंदर वर्णन आहे हे! पण बेडकाची उडी ओळखणारे बोट त्या वैद्याबरोबरच जाते. आकडा कागदावर राहतो आणि मुलाच्याही उपयोगी पडतो. १७०७ मध्ये इंग्लंडात जॉन फ्लॉयर या डॉक्टरने नेमके एक मिनिट चालणारे घड्याळ नाडीसाठी वापरात आणले, आणि ठोक्यांचा आकडा मिनिटाशी बांधला गेला.

पावलांची कथा तर याहून रंजक आहे, आणि तिचा नायक माझ्याच व्यवसायातला आहे. कुमाऊँतील मिलम गावचे नैनसिंग हे शाळामास्तर. म्हणून तर त्यांना ‘पंडित’ म्हणत. इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्याने त्यांना शिकवून तयार केले आणि गुप्तपणे तिबेटात धाडले. १८६६ च्या जानेवारीत ते ल्हासाला पोहोचले. त्यांची पावले मापाची होती. दोन हजार झाली की मैल भरे. हातात जपमाळ असे, पण तिच्यात मणी १०८ नव्हे, १०० होते. शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. माळ पुरी झाली की दहा हजार पावले, म्हणजे पाच मैल. नोंदी प्रार्थनाचक्रात दडवायच्या. ही पावले त्यांनी देश मोजण्यासाठी मोजली, देह मोजण्यासाठी नव्हे.

पण तो दहा हजारांचा आकडा पुढे दुसऱ्याच वाटेने देहाला येऊन चिकटला. १९६४ मध्ये टोकियोला ऑलिंपिक झाले आणि पुढच्याच वर्षी एका जपानी कंपनीने कमरेला लावायचे पाऊलमोजे विकायला काढले. त्याचे नाव ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचे मोजमाप’. आकडा गोल, लक्षात राहायला सोपा. तो जगभर पसरला आणि लोक त्याला वेदवाक्य मानू लागले. २०१९ मध्ये अमेरिकेत १६,७४१ वयस्क स्त्रियांच्या पावलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. आणि साडेसात हजारांच्या आसपास हा फायदा वाढायचा थांबला. तेव्हा दहा हजार भरले नाहीत म्हणून रात्री अकराला गच्चीवर फेऱ्या मारणाऱ्या आजोबांनी खुशाल झोपावे.

आजचे घड्याळ कातडीवर हिरवा प्रकाश टाकते. रक्त तो प्रकाश शोषते. ठोक्यासरशी रक्त वाढले की परतणारा प्रकाश कमी होतो, आणि त्यावरून ठोके मोजले जातात. हे मोजमाप बरेच विश्वासाचे असते. जळलेल्या उष्मांकांचे मात्र तसे नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये अशी सात उपकरणे तपासली, तेव्हा त्यांतले सर्वांत चांगले उपकरणही उष्मांकांत सरासरी २७ टक्क्यांनी चुकले होते.

मग या आकड्यांचे करायचे काय? शाळेत मुलांची वजने दर महिन्याला वहीत लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. एका वर्षी सातवीतल्या एका मुलीच्या नावापुढे जूनमध्ये ३२ किलो लिहिले, जुलैत ३२, ऑगस्टमध्ये ३१, सप्टेंबरात ३०. मुलगी रोज वेळेवर येई, हसे, कविता म्हणे. डोळ्यांना काही दिसले नव्हते. वहीची ती ओळ पाहून मी तिला जवळ बसवून विचारले. “मला भूकच नसते, बाई,” ती म्हणाली. हळूहळू कळले, की वडिलांचे काम सुटले होते आणि धाकट्या दोघांना वाढून उरेल ते ती खात होती. शाळेतली दुपारची खिचडी हेच तिचे एक पोटभर जेवण. पुढे करायचे ते सर्वांनी मिळून केले. जानेवारीत तिच्या नावापुढे मी ३३ लिहिले.

एकट्या सप्टेंबरच्या आकड्याने मला काही सांगितले नसते. चार महिने ओळीने उभे राहिले, तेव्हा ते बोलले; आणि तेही एवढेच म्हणाले, की हिला विचार. सांतोरिओचा तराजूही अदृश्य गळती दाखवून थांबला होता. ती कशी होते, हे माणसांनाच शोधावे लागले.

दूरदेशी असलेली मुले हल्ली दिवाळीला आईच्या मनगटावर असे घड्याळ बांधून जातात. फार चांगली गोष्ट आहे. मात्र एका दिवसाच्या आकड्याने त्यांनी हुरळून जाऊ नये, आणि घाबरूनही जाऊ नये. महिन्याच्या महिन्याला ओळ पाहावी. पावले उतरत चालली, झोप तुटू लागली, असे दिसले तर आईला फोन करावा. ती “मला काही झाले नाही रे” म्हणेल. तरी पुन्हा विचारावे.