फिल्म लुक

डिजिटल कॅमेऱ्याने केलेले चित्रण ३५ मिमी फिल्मवर घेतल्यासारखे दिसावे, यासाठी चित्रीकरणाच्या वेळी आणि नंतर संगणकावर केले जाणारे संस्कार व त्यांतून मिळणारे रूप. हौशी मंडळी बहुधा शेवटून सुरुवात करतात, म्हणजे चित्रावर आयते ग्रेन (फिल्मच्या कणांचा पोत) चढवतात. खरे काम त्याच्या कितीतरी आधी, कॅमेरा सुरू होण्यापूर्वीच झालेले असते.

पहिला प्रश्न गतीचा. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले आणि ध्वनीसाठी सेकंदाला २४ फ्रेम हा वेग कायम झाला. भारतात रुळलेल्या पाल पद्धतीच्या व्हिडिओत सेकंदाला २५ फ्रेम असत. पण प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत विभागलेली असल्याने डोळ्यांना सेकंदाला ५० चित्रे दिसत. जुन्या व्हिडिओ मालिकांतली अति सफाईदार हालचाल त्यातूनच आली. फिल्म लुकसाठी पूर्ण फ्रेम घेतात आणि प्रत्येक फ्रेमला तिच्या वेळेच्या निम्मा वेळ प्रकाश देतात : २४ फ्रेमना १/४८ सेकंद, २५ फ्रेमना १/५०. त्यामुळे हलत्या हाताची कडा किंचित पुसट येते. भर उन्हात शटर १/१००० वर नेले, तर तोच हात झटके देत हलतो. म्हणून उजेड शटरने न अडवता लेन्ससमोर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी करडी काच) लावून अडवतात. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने १/५० वर ट्यूबलाइटही लुकलुकत नाही.

सर्वांत अवघड भाग उजेडाचा. खोलीतल्या माणसामागे खिडकी असेल, तर साध्या व्हिडिओत ती पांढऱ्या पुठ्ठ्यासारखी सपाट होते. निगेटिव्ह फिल्मवर प्रखर भाग हळूहळू पांढऱ्याकडे सरकतात. डिजिटल सेन्सर एका मर्यादेनंतर एकदम हात टेकतो आणि गेलेला तपशील कोणत्याही ग्रेडिंगने, म्हणजे नंतरच्या रंगसंस्काराने, परत येत नाही. म्हणून खिडकी सांभाळून एक्स्पोजर ठरवतात, चेहऱ्याला वेगळा प्रकाश देतात आणि प्रखर आणि अंधाऱ्या भागांतला तपशील जपणाऱ्या लॉग पद्धतीने रेकॉर्डिंग करतात. लॉगमधले चित्र फिके, राखाडी दिसते. ग्रेडिंगमध्ये त्याला कॉन्ट्रास्ट आणि रंग देतात. फिल्मवर रंग गडद झाला की सहसा काळोखा होतो, व्हिडिओत तो भडक उजळतो. हा फरक न ओळखता नुसते सॅच्युरेशन वाढवले की लग्नाच्या व्हिडिओची कळा येते.

धूसर पार्श्वभूमीचे मात्र जरा जास्तच कौतुक झाले. २००२ मध्ये आलेल्या पॅनासॉनिक डीव्हीएक्स१०० ने स्वस्त कॅमेऱ्यात २४ फ्रेम आणल्या, पण त्याचा सेन्सर जेमतेम ५ मिमी रुंद. ३५ मिमी फिल्मची फ्रेम सुमारे २२ मिमी. लहान सेन्सरवर सगळेच स्पष्ट दिसते. २००८ मध्ये कॅनन ५डी मार्क २ आला, त्याचा सेन्सर ३६ मिमीचा, आणि डोळा फोकसमध्ये तर कान धूसर अशा चित्रांचा पूर आला. ‘सिटिझन केन’ (१९४१) मध्ये छायाचित्रकार ग्रेग टोलंड यांनी पुढचे-मागचे सगळे स्पष्ट ठेवले होते आणि तो चित्रपट कोणाला व्हिडिओ वाटत नाही.

छायाचित्रकार अँथनी डॉड मँटल यांनी तर उलट वाट धरली. ‘२८ डेज लेटर’ (२००२) चा बहुतांश भाग त्यांनी कॅनन एक्सएल१ या मिनीडीव्ही कॅमेऱ्याने घेतला आणि त्याचा खरखरीतपणा लपवला नाही. शेवटचा भाग तेवढा ३५ मिमीवर आहे. मुंबईत चित्रित झालेल्या ‘स्लमडॉग मिलिओनेर’साठी त्यांनी फिल्मबरोबर एसआय-२के हा छोटा डिजिटल कॅमेरा वापरला : कॅमेरा हातात, रेकॉर्डिंगचा संगणक पाठीवरच्या पिशवीत. गल्लीबोळांतून पळणाऱ्या मुलांच्या मागे धावणे त्यामुळे जमले. या छायाचित्रणाला २००९ मध्ये ऑस्कर मिळाले.

ग्रेन आणि हॅलेशन सर्वांत शेवटी. फिल्मचे कण प्रत्येक फ्रेममध्ये जागा बदलतात, म्हणून एकच स्थिर पोत चित्रावर डकवला की काच मळल्यासारखी दिसते. हॅलेशन म्हणजे दिव्याभोवतीची तांबूस कड : फिल्ममधून आरपार गेलेला उजेड मागून परततो आणि तळाच्या, लाल रंग टिपणाऱ्या थरावर पुन्हा पडतो. नक्कल नको म्हणून ‘ड्यून’ (२०२१) चे डिजिटल चित्रण खऱ्या फिल्मवर उतरवून पुन्हा स्कॅन केले होते.

एवढे करूनही घरच्या टीव्हीतले मोशन स्मूदिंग मधल्या फ्रेम स्वतःच रचते आणि चित्रपटाची मालिका करून टाकते. २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅकक्वारी यांनी ते बंद करण्याचे जाहीर आवाहन केले होते. ही सोय टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये असते आणि कंपनीगणिक तिचे नाव बदलते.