मोटारीतील वातानुकूलन रूपांतर : अडकलेल्या झडपा
ओझोन थराला घातक असलेल्या आर-१२ या प्रशीतकाचे विकसित देशांतील उत्पादन माँट्रियल करारानुसार १९९५ अखेर जवळजवळ थांबले. जुनी यंत्रणा आर-१३४ए वर आणताना भरणमुखांवर नवे जोड बसवतात. तेथील झडप टायरच्या व्हॉल्व्हसारखीच असते आणि गंजाने आट्यांत घट्ट बसते. ती काढण्याआधी प्रशीतक यंत्राने पूर्ण काढून घ्यावे लागते. दाब शिल्लक असताना सैल केलेली झडप उडून इजा करते. गंज सोडवणारे तेल मुरल्यावर झडप चावीने हळूहळू फिरवतात. घाई केल्यास ती तुटते. मग सहसा नळीच बदलावी लागते. नव्या झडपेचे रबर आर-१३४ए व त्याच्या तेलाला टिकणारे हवे. शेवटी यंत्रणा निर्वात करून मूळ वजनाच्या सुमारे ८० ते ९० टक्केच प्रशीतक भरतात.